काचबिंदू: नजर नेमकी कुठून गेली ते आधी शोधा, मग घराला हात लावा

काचबिंदूचं निदान झालं की घरातली माणसं पहिल्याच आठवड्यात तीन कामं उरकतात. सगळीकडे जास्त वॅटचे दिवे लावतात, वाट मोकळी करायची म्हणून सामान हलवतात आणि चष्म्याचा नंबर पुन्हा काढून आणतात. वडिलांच्या बाबतीत आम्हीही हेच केलं. नवे दिवे त्यांच्या डोळ्यांवर यायला लागले, हलवलेलं टेबल त्यांच्या नडगीला लागलं आणि चष्म्याचा नंबर जुनाच निघाला. तक्त्यावरची शेवटची ओळ ते आरामात वाचत होते. मग वाटेतली बादली कशी दिसत नाही, यावरून घरात वादही झाले.

बादली खरंच दिसत नव्हती. काचबिंदू बहुतेकदा मधली नजर बराच काळ शाबूत ठेवतो आणि कडेची, वरची किंवा खालची नजर तुकड्यातुकड्याने खातो. गेलेल्या जागी काळा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं पाहून ती जागा भरून काढतो, त्यामुळे बादली नाहीशी होते आणि तिच्या जागी फरशीच दिसते. म्हणून माणूस ‘मला सगळं दिसतंय’ म्हणतो ते खोटं नसतं.

आणखी एक गोंधळ नावामुळे होतो. काचबिंदू हा मोतीबिंदूसारखा पिकत नाही, आणि त्याच्यामुळे गेलेली नजर ऑपरेशननंतर परत येत नाही. थेंब, लेसर आणि शस्त्रक्रिया या तिन्हींचा उद्देश डोळ्याचं प्रेशर उतरवून उरलेली नजर राखणं हाच असतो. तेव्हा पुढचे टप्पे आहेत ते उरलेल्या नजरेने रोजची कामं कशी करायची याचे. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १: तयारी, एक आठवडा

या आठवड्यात घरात काहीही हलवू नका. फक्त जमवाजमव करा:

- दोन्ही डोळ्यांचे सगळ्यात अलीकडचे फील्ड टेस्टचे, म्हणजे दृष्टिक्षेत्र तपासणीचे रिपोर्ट. शक्य असेल तर त्याआधीचेही.
- ट्रेसिंग पेपर आणि दोन रंगांच्या पेन्सिली.
- मान वळवता येणारा टेबल लॅम्प.
- फरशीच्या रंगापेक्षा ठळक वेगळी दिसणारी चिकटपट्टी.
- एक वही.

वहीत प्रत्येक धडक, ठेच, सांडणं आणि चुकणं लिहायचं: काय लागलं, शरीराला कुठे लागलं, डावीकडे की उजवीकडे, उजेड कसा होता. ‘टेबलाला आपटले’ एवढं लिहून भागत नाही. ‘सकाळी ७, डावी नडगी, बुटकं टेबल, खिडकी समोर’ असं हवं. आमच्या वहीत आठवडाभरात नऊ नोंदी झाल्या आणि त्यातल्या सात गुडघ्याखालच्या, डाव्या बाजूच्या होत्या. तोवर कोणी त्यांच्या पायाकडे पाहिलंच नव्हतं. डाव्या नडगीवर जुने-नवे वळ एकाच उंचीवर होते.

इशारा: वही लिहिणाऱ्याने ‘बघून चालत जा’ म्हणायचं नाही. दोनदा असं ऐकलं की माणूस ठेच लपवायला लागतो आणि वही निरुपयोगी होते.

टप्पा २: गेलेल्या नजरेचा नकाशा काढा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको.

या चाचणीत नजर मध्यावर रोखायची आणि आजूबाजूला उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. रिपोर्टच्या वरच्या भागात चाचणीचा प्रकार असतो. २४-२ म्हणजे मधल्या २४ अंशांपर्यंतचे ५४ ठिपके, तर १०-२ म्हणजे अगदी मधल्या १० अंशांतले ६८ ठिपके. दोन्ही डोळ्यांचे रिपोर्ट एकाच प्रकारचे असतील तरच ते एकमेकांशी ताडून पाहता येतात.

नंतर रिपोर्ट भरवशाचा आहे का ते पाहा. फिक्सेशन लॉसेस (नजर मध्यावरून हलली ते) २० टक्क्यांवर किंवा फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना बटण दाबलं ते) १५ टक्क्यांवर असतील तर त्या कागदावर विसंबू नका. पहिली फील्ड टेस्ट बऱ्याच जणांची बिघडते. बटण केव्हा दाबायचं हेच कळलेलं नसतं. अशा वेळी चाचणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

एमडी (मीन डेव्हिएशन) नावाचा आकडा बहुतेक लोक आधी शोधतात. त्या वयाच्या निरोगी नजरेपेक्षा सरासरी किती कमी दिसतं, ते तो सांगतो. ढोबळपणे उणे ६ डेसिबलपर्यंत सुरुवातीचा, उणे ६ ते उणे १२ मध्यम आणि त्यापलीकडे गंभीर, असं वर्गीकरण करतात. डॉक्टरांना तो उपयोगी असतो. घरच्या कामासाठी माझ्या मते तो आकडा बाजूला ठेवावा. सारखाच एमडी असलेल्या दोन माणसांपैकी एक जिन्यावर पडतो आणि दुसरा फक्त कपाटाच्या उघड्या दाराला डोकं आपटतो. किती नजर गेली यापेक्षा कुठली गेली, ते घरात जास्त महत्त्वाचं.

ते शोधायचं असं:

१. दोन्ही रिपोर्टवरचं करड्या-काळ्या छटांचं चित्र घ्या. ते रुग्णाच्या नजरेतून काढलेलं असतं, आरशातलं नसतं. खात्री करायची असेल तर जन्मजात आंधळा ठिपका पाहा. तो प्रत्येकाच्या डोळ्यात असतो आणि उजव्या डोळ्याच्या चित्रात मध्यापासून उजवीकडे, डाव्याच्या चित्रात डावीकडे सुमारे १५ अंशांवर येतो.

२. ट्रेसिंग पेपरवर मधली फुली उमटवा आणि उजव्या डोळ्याचा काळा भाग आडव्या रेघांनी भरा.

३. तोच पेपर डाव्या डोळ्याच्या चित्रावर फुलीवर फुली जुळवून ठेवा आणि त्याचा काळा भाग उभ्या रेघांनी भरा.

४. जिथे आडव्या-उभ्या रेघांची जाळी झाली, तिथे दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं. रोजच्या वावरात नडते ती ही जाळी. एकेरी रेघांच्या जागी एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा बरीचशी भरून काढतो.

आता जाळी आणि वही शेजारी ठेवा. जाळी खालच्या अर्ध्यात असेल तर पायऱ्या, उंबरठे, बुटकी टेबलं, जमिनीवर खेळणारी लहान मुलं अशा नोंदी सापडतील. पडण्याचा धोका सगळ्यात जास्त याच प्रकारात. वरच्या अर्ध्यात असेल तर भिंतीवरच्या कपाटांची दारं, लोंबत्या फांद्या, रस्त्यावरचे सिग्नल. एका बाजूला असेल तर चौकटी आणि गर्दीतली माणसं. जाळी मध्याला चिकटून असेल तर वाचन आधी अडखळतं, चालणं तुलनेने बरं राहतं.

नेहमीची चूक: ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या स्कॅनचा रिपोर्ट पाहून दिशा ठरवणं. तिथे सगळं उलट असतं. नसेचा खालचा भाग झिजला की वरची नजर जाते. स्कॅनमध्ये ‘खाली’ वाचून जिन्याला पट्ट्या लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना खरं तर कपाटाची दारं सांभाळायला हवी होती.

तपासा: रिपोर्ट आणि वही जुळत नसतील तर वहीवर जास्त विश्वास ठेवा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. २४-२ चाचणी मधलाच भाग मोजते. एका डोळ्याची नजर कानाच्या बाजूला ९० अंशांच्या आसपास पोचते, आणि त्या लांबच्या कडेचं या कागदावर काहीच नसतं.

टप्पा ३: उजेड

काचबिंदूत रंगछटांमधला फरक कमी कळतो, उन्हातून अंधारात आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो आणि उघडा दिवा समोर आला की बाकीचं पुसून जातं. म्हणून नुसता जास्त उजेड लावून उपयोग नाही. तो सारखा पसरलेला हवा, आणि दिवा स्वतः डोळ्यांना दिसता कामा नये.

१. बसण्याच्या आणि चालण्याच्या जागेवरून जे उघडे बल्ब थेट दिसतात, त्यांना शेड लावा किंवा त्यांची जागा बदला.
२. खोल्यांच्या उजेडातला फरक कमी करा. लख्ख खोलीतून अंधाऱ्या बोळात जाणं हा पडण्याचा हमखास मुहूर्त.
३. वाचायला, शिवायला टेबल लॅम्प घ्या आणि त्याची शेड डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा. लॅम्पचं कागदापासूनचं अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. मोठा बल्ब आणण्याआधी लॅम्प जवळ ओढून पाहा.
४. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा, शक्यतो जमिनीलगत.
५. उन्हातून आत आल्यावर दारात थांबा. दोन मिनिटं लागली तरी चालतील. पाहुण्याच्या घरी हे विचित्र वाटतं, तरी थांबा.

टप्पा ४: जमीन, जिना, दारं

आता सामान हलवायला हरकत नाही, पण एका दिवशी एकच खोली, आणि ज्याची नजर कमी झाली आहे त्याच्यासमोर, त्याला विचारून. कमी दिसणारा माणूस घरात अर्धा आठवणीच्या भरवशावर चालतो. त्याच्या पश्चात केलेली आवराआवर म्हणजे त्याचा नकाशा पुसून टाकणं.

आधी जमिनीवरचं: पायपुसणी, घसरते गालिचे, वायरी, ओली बादली. गालिचा ठेवायचाच असेल तर एकरंगी ठेवा. नक्षीतली गडद पट्टी पायरीसारखी भासते आणि खरी पायरी नक्षीत हरवते.

नंतर जिना. प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला चार-पाच सेंटिमीटर रुंद, ठळक रंगाची, न घसरणारी पट्टी लावा. पट्टी कडेपासून आत सरकवून लावू नका. पाय पट्टी संपते तिथे कड समजतो आणि अंदाज चुकतो. पहिली आणि शेवटची पायरी कधीच वगळू नका, कारण माणसं बहुतेकदा तिथेच चुकतात. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर असेल तर उत्तम.

दारांचा नियम सोपा आहे: पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड समोर आली की ती फक्त एक रेघ असते, आणि ती रेघ जाळीत सहज हरवते. कपाटं, ड्रॉवर, ओढून ठेवलेल्या खुर्च्या यांनाही हाच नियम. हा नियम नजर चांगली असलेल्यांनी पाळायचा आहे. आमच्या घरी सगळ्यात उशिरा अंगवळणी पडला तोही हाच.

इशारा: बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. जिना उतरताना पायरी नेमकी त्यातून दिसते, म्हणजे अंधूक दिसते. खालची नजर गेलेली असेल तर ही दुहेरी अडचण. बाहेर आणि जिन्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेता येईल का ते विचारा. चष्म्याच्या दुकानात हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

टप्पा ५: नजर फिरवायची सवय

घर बदललं की लोक इथे थांबतात. बाहेरचं जग मात्र आपल्यासाठी पट्ट्या लावून ठेवत नाही. गेलेल्या भागाकडे डोळे मुद्दाम नेणं शिकावं लागतं. बसून, उभं राहून, मग चालत, असा सराव करा. पहिल्या दिवशी चालत करू नका.

१. भिंतीवर गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, दोन मीटर रुंदीत दहा चिठ्ठ्या चिकटवा. प्रत्येकीवर जाड अक्षरात आकडा.
२. समोर दोन मीटरवर खुर्चीत बसा. आधी मान न हलवता, फक्त डोळे फिरवून आकडे क्रमाने शोधा.
३. सुरुवात गेलेल्या बाजूने करा. सगळे जण चांगल्या बाजूने सुरू करतात आणि गेलेल्या बाजूला पोचेपर्यंत नजर थकते.
४. डोळे जिथवर जातात तिथवर नेऊन मगच मान वळवा. आधी मान वळवली की डोळे आळशी होतात.
५. कुठल्या चिठ्ठ्या सुटतात ते लिहा. त्या जाळीच्या आसपासच निघतील.

रोज दहा मिनिटं पुरे. चिठ्ठ्यांच्या जागा अधूनमधून बदला, नाहीतर पाठ होतात. बसून एकही सुटेनाशी झाली की उभ्याने करा, मग ओळखीच्या बोळात चालत.

चालताना नजर स्वतःच्या पायांवर नको, तीन-चार पावलं पुढे हवी. खालची नजर गेलेल्यांची ही सगळ्यात चिवट चूक. पडण्याच्या भीतीने ते पायाकडेच पाहत चालतात आणि समोरून येणाऱ्याला धडकतात. पुढे पाहा, तीन पावलांवरचं लक्षात ठेवा, पुन्हा पुढे पाहा. जिन्यापाशी वेगळं: थांबा, कठडा धरा, पायाने कड चाचपा, मग उतरा.

तपासा: अनोळखी खोलीच्या दारात थांबून, आत न जाता, जमिनीवरच्या आणि गेलेल्या बाजूच्या तीन वस्तू सांगता आल्या तर सवय लागू लागली आहे.

टप्पा ६: वाचन

वाचताना ओळ संपल्यावर पुढची ओळ सापडत नसेल तर मध्याच्या डावीकडची नजर गेली असण्याची शक्यता जास्त. ओळीत पुढे सरकतानाच अडखळत असेल तर उजवीकडची. पहिल्या प्रकारात डाव्या समासावर रंगीत पट्टी किंवा बोट ठेवा आणि परत येताना ती पट्टी दिसेपर्यंत डोळे न्या. दोन्हींत ओळीखाली गडद पुठ्ठा धरला तर बरंच सोपं जातं.

मोठं भिंग लगेच विकत घेऊ नका. नजरेचा झरोका लहान उरला असेल तर अक्षर जितकं मोठं, तितकी एका वेळी कमी अक्षरं त्यात मावतात, आणि वाचन उलट मंदावतं. आधी उजेड वाढवा, मग अक्षर ठळक करा, आणि एवढं करूनही अडत असेल तेव्हाच मोठं करा. मोबाईलवर गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काहींना फार सोयीची जातात, काहींना अजिबात नाही. दोन्ही करून पाहा.

टप्पा ७: ओटा आणि जेवणाचं टेबल

इथे थोडक्यात. गडद भांड्यात फिकट आणि फिकट भांड्यात गडद पदार्थ ठेवा. भांड्यांचे दांडे आत वळवा. सुरीची जागा ठरलेली हवी आणि वापरून झाली की तिथेच परत. गरम पाणी ओतताना किटलीचं तोंड पेल्याच्या कडेला टेकवा, पेला उचलून धरू नका. पेला ताटाच्या खालच्या कडेजवळ असेल आणि खालची नजर गेलेली असेल तर तो सांडणारच. त्याला वरच्या बाजूला जागा द्या.

टप्पा ८: घराबाहेर

सोबत जाणाऱ्याने हात धरून ओढू नये. उलट, कमी दिसणाऱ्याने सोबत्याच्या कोपराच्या वर पकडावं आणि अर्धं पाऊल मागे चालावं. सोबत्याच्या शरीराची हालचालच त्याला सांगते की वळण आलं, पायरी आली. पायरीपाशी क्षणभर थांबून ‘चढायचंय’ किंवा ‘उतरायचंय’ एवढं सांगा. ‘सांभाळून’ या शब्दाचा काहीही उपयोग नसतो. काय सांभाळायचं ते त्यातून कळत नाही.

उन्हासाठी टोपी चांगली, पण वरची नजर गेलेल्याची उरलेली वरची नजरही टोपीच्या कडेने झाकली जाते. त्यांनी कडेने उजेड अडवणारा चष्मा पाहावा. खूप गडद काच टाळा. पिवळसर, अंबर रंगाची काच डोळ्यांसमोर धरून, बाहेर उभं राहून निवडा.

पांढऱ्या काठीला लोक घाबरतात, कारण ती धरली की जगाला कळतं. लांब काठी पुढच्या पावलाची जमीन आधी तपासते, त्यामुळे खालची नजर गेलेल्यांना ती फार उपयोगी पडते. प्रशिक्षकाकडून शिकूनच वापरा.

गाडी चालवण्याचा निर्णय घरच्या मतावर किंवा तक्त्यावरच्या अक्षरांवर घेऊ नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून करायची १२० ठिपक्यांची एस्टरमन चाचणी असते. ती करता येईल का आणि परवान्याच्या नियमांत आपण बसतो का, हे डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत किल्ली बाजूला. रात्रीचं आणि पावसातलं चालवणं तर आजपासूनच बंद.

टप्पा ९: थेंब

थेंब शेवटी ठेवले, कारण बहुतेकांना ते आपल्याला नीट जमतात असं वाटतं. एकदा दुसऱ्या कोणाला समोर बसवून घालून पाहा. अर्धे गालावर जातात.

१. हात धुवा, आडवे व्हा किंवा मान मागे टेका.
२. एका हाताने खालची पापणी ओढून खळगा करा. बाटलीचा हात कपाळावर टेकवा म्हणजे थरथरत नाही.
३. एकच थेंब. डोळ्यात एकाही थेंबाला पुरेशी जागा नसते, दुसरा बाहेरच वाहतो. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नका.
४. डोळा मिटा, उघडझाप नको, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा. औषध नाकात आणि रक्तात कमी जातं.
५. दुसरं औषध असेल तर निदान पाच मिनिटांनी.

बाटल्या सारख्या दिसत असतील तर एकीला एक रबरबँड, दुसरीला दोन. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि वेष्टनावरची मुदत संपली की टाकून द्या.

दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. थेंबांनी नजर सुधारत नाही म्हणून ते बंद करणं ही पहिली. तपासणीच्या दिवशी ‘खरं प्रेशर कळू दे’ म्हणून थेंब न घालता जाणं ही दुसरी. औषध चालतंय की नाही हेच डॉक्टरांना पाहायचं असतं, तेव्हा ते घालूनच जा आणि किती वाजता घातलं ते सांगा.

इशारा: डोळा एकदम खूप दुखणं, लाल होणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, अंधूक दिसणं, सोबत मळमळ किंवा उलटी, असं झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच तासाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि नजर बरीच गेलेल्या माणसाला कधी नसलेली माणसं किंवा नक्षी दिसू लागली, पण ती खरी नाहीत हे त्याला कळत असेल, तर तो वेडाचा प्रकार आहे असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये. कमी नजरेत असं होऊ शकतं, त्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. तेही डॉक्टरांना सांगा.

टप्पा १०: पुढचा रिपोर्ट आला की

नवा फील्ड रिपोर्ट हाती आला की टप्पा २ मधली जाळी नव्या ट्रेसिंग पेपरवर काढा, कोपऱ्यात तारीख घाला आणि जुन्यावर ठेवून उजेडासमोर धरा. जाळी पसरलेली दिसली, तर डॉक्टरांकडे जाताना दोन्ही कागद बरोबर न्या. ती कुठल्या दिशेला सरकली ते पाहून घरातलीही तेवढीच एक जागा पुन्हा तपासा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी ती डावीकडून थोडी वर सरकली होती. त्या आठवड्यात आम्ही फक्त बाथरूमच्या दाराची कडी आणि आरशाखालची काचेची फळी बदलली.